काट्याने न निघणारा काटा

काट्याने काटा काढावा, हे आपल्याकडील शहाणपण इतके जुने आहे की, त्याची पारख करून पाहावी असे सहसा कोणास वाटत नाही. पायात बाभळीचा काटा मोडला तर दुसरा काटा घ्यावा, किंवा घरातील वडीलधाऱ्या बाईच्या बटव्यातील सुई मागून आणावी, भोवतालचे कातडे किंचित उकरावे आणि रुतलेले टोक अलगद उचलावे. इतके साधे ते काम. मात्र या म्हणीच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. ज्यात काटा रुतला ते मांस मऊ असते, बाजूस सरते आणि दोन दिवसांत भरूनही येते. आता अशी कल्पना करावी की, मांस भरून येणारे नाही आणि आत मोडलेला काटा आपल्या हाताशी असलेल्या प्रत्येक काट्याहून कठीण आहे. मग काढणाराने काय करावे? २०२४ सालच्या श्रावणात, रायपूर मुक्कामी, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. काटा होता धातूस भोक पाडणाऱ्या यंत्राचे तीन मिलिमीटर जाडीचे बिट, आणि तो रुतला होता आमच्या घरच्या समईत.

सुताराचे गिरमिट सर्वांनी पाहिलेले असते. धातूचे बिट हा त्याचाच अधिक तापट भाऊ. रायपूरकडे त्याला बरमा म्हणतात. त्याचे आज दिसणारे पिळदार रूप अमेरिकेतील स्टीफन मोर्स या यंत्रज्ञाने बसवले. त्याचे पेटंट १८६३ सालचे. त्यापूर्वीची बिटे चपट्या भाल्याच्या टोकासारखी असत. ती भोक पाडीत, परंतु पडलेला कीस भोकातच कोंडून राही. मोर्सच्या बिटाच्या अंगावर दोन पन्हळी वळणे घेत वर जातात आणि कीस आपोआप बाहेर आणून टाकतात. पुढे विसावे शतक उजाडता उजाडता फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट या जोडीने बेथलेहेम स्टील कंपनीत असे पोलाद सिद्ध केले की, जे लाल होईतो तापले तरी धार सोडीत नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचा प्रयोग पाहून युरोपातील कारखानदार थक्क झाले. हा टेलर म्हणजे १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनावर ग्रंथ लिहिणारा तोच. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी खात्याच्या परीक्षांसाठी त्याची तत्त्वे पाठ केली असतील आणि निकाल लागताच यमुनार्पण, नर्मदार्पण किंवा महानदीअर्पण केली असतील. त्याचे पोलाद मात्र कोणास विसरू देत नाही. शेकडा १८ टंगस्टन, ४ क्रोमियम आणि १ व्हॅनेडियम हे त्याचे एक जुने, प्रसिद्ध प्रमाण. रॉकवेलच्या मापावर अशा बिटाचा कठीणपणा ६३ ते ६५ भरतो. पितळ इतके मऊ की, त्याला त्या मापाच्या वेगळ्याच पट्टीवर मोजावे लागते.

परंतु कठीण असणे निराळे आणि चिवट असणे निराळे. जे अतिशय कठीण असते ते वाकत नाही, आणि जे वाकत नाही ते एके क्षणी मोडते. बिट मोडण्याची कारणे कोणीही कारागीर बोटावर मोजून सांगेल: धार बोथट झाली, टोकाच्या दोन धारा समान राहिल्या नाहीत, पन्हळीत कीस दाटला, हातात धरलेले यंत्र डावीउजवीकडे किंचित कलले. पितळेच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. जिचे बिट मोडते तिला ती गंमत वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. बिटाची धार लोखंड कापण्यासाठी पुढे झुकती घासलेली असते. लोखंड विरोध करते, म्हणून कारागिराने वरून दाब द्यावा लागतो. पितळ तसा विरोध करीत नाही. उलट ती झुकती धार स्क्रूसारखी आत ओढली जाते. विशेषतः पाते एका भिंतीतून आरपार निघून पोकळीत शिरते, त्या क्षणी पितळ त्याला गपकन ओढून घेते. म्हणून जाणता फिटर पितळेस हात घालण्यापूर्वी बिटाच्या दोन्ही धारा दगडावर किंचित सपाट करून घेतो. दोन मिनिटांचे काम असते. ते ज्याने केले नाही, त्याच्या दुकानात आमची समई गेली होती.

समईविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमचे मूळ गाव जावळी तालुक्यातले. कोयनेचे धरण झाले आणि शिवसागराच्या पाण्याखाली जी गावे गेली, त्यांत ते गेले. आमची आई १९५८ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या घरात सून म्हणून आली आणि तीनचार वर्षांतच घर सोडण्याची पाळी आली. बैलगाड्यांत धान्य, भांडी, दारांच्या चौकटी आणि कौले भरली गेली. समईचे खंड सोडवून, लुगड्यात गुंडाळून, तिने ते मांडीवर घेतले. कारण गाडीत हादरे बसतील, असे आमच्या आजीने बजावले होते. पुढे तीर्थरूपांना सरकारी नोकरी लागली आणि बदल्यांचे चक्र सुरू झाले. ते चक्र आम्ही वारशाने घेतले. नागपूर, जबलपूर, बिलासपूर आणि आता रायपूर. प्रत्येक ठिकाणी आधी गॅसची जोडणी लागे की नळाला पाणी येई, हे आज आठवत नाही. परंतु पहिल्या संध्याकाळी समई उभी राही, हे निश्चित. त्या घरातील कौले कुठल्या कुठे गेली, चौकटींचे सरपण झाले, आणि घर तर शेकडो फूट पाण्याखाली आहे. उरली ती ही समई. वजनाला साडेपाच किलो, उंचीला दोन हात, आणि शिखरावर एक हंस, ज्याची चोच कोणत्या तरी बदलीत बोथट झाली.

साठ वर्षे सोडवण्यात आणि जोडण्यात दांड्याच्या दोन खंडांमधले आटे झिजले होते. वात लावताना हात लागला की समई झोके खाई. जेथे आम्ही ती दुरुस्तीस दिली तेथील कारागिराने योजलेला उपाय चूक नव्हता. जोडावर आडवे भोक पाडावे, त्यात आटे काढावेत आणि एक बारीक स्क्रू बसवावा. चार मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोक त्याहून थोडे लहान पाडतात. म्हणून त्याने तीन मिलिमीटरचे बिट घेतले, यंत्र हातात धरले आणि समई गुडघ्यांत. बाहेरची भिंत पार झाली, पाते आतल्या खंडात शिरले, पितळेने ते ओढून घेतले आणि टकन आवाज झाला. बिटाचे सातआठ मिलिमीटर लांबीचे टोक आत राहिले, तेही भोकाच्या तोंडापासून दोन मिलिमीटर खोल, म्हणजे कोणत्याही पकडीने धरता येऊ नये इतके. याहून वाईट म्हणजे, झटका बसला त्या वेळी वरचा खंड किंचित कललेला होता. आता बाहेरचा खंड आणि आतला खंड त्या पोलादी खिळ्याने एकमेकांस कायमचे जखडले गेले, आणि तेही वाकडे. आटे फिरेनात, समई सोडवता येईना आणि सरळही करता येईना. ती घरी आणून उभी केली तेव्हा तेल एका बाजूस वाहून गेले. दोन वाती बुडाल्या आणि समोरच्या दोन कोरड्या पडल्या.

आई रागावली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने तेल परत बुधलीत ओतले, हंसावरून पदर फिरवला आणि समई भिंतीकडे तोंड करून ठेवली. समईला तोंड नसते, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही ती तशी ठेवली होती, हे पाहणारास कळत होते. त्या संध्याकाळपासून देवापुढे निरांजन आले. दुसरी समई आणण्याची गोष्ट आमच्या सौभाग्यवतींनी काढली तेव्हा आई एवढेच म्हणाली, "दुसरी आणा की. ती तुमची होईल."

सरकारी माणसाला एखादी गोष्ट अडली म्हणजे तिच्यामागे धावण्याची एक रीत अंगवळणी पडलेली असते. ज्या टेबलावर अडली ते टेबल सोडून पुढील टेबलाकडे जायचे. पिशवीत वाकडी समई घेऊन आम्ही ग्रेट ईस्टर्न रोड पालथा घातला. गोलबाजारातील भांड्यांच्या दुकानांत समई वजनावर घेण्याची तयारी होती. भनपुरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याने ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि दांडा त्या जागी कापून नवा खंड ओतून घ्यावा, असा सल्ला दिला. सल्ला व्यवहारी होता. उरल्याकडे साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात विद्युत् ठिणगीने धातू झिजवणारे यंत्र आहे असे कळले. तेथेही आम्ही गेलो.

या ठिणगीच्या यंत्राची हकीगत मोठी मौजेची आहे. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, मॉस्कोमध्ये बोरिस आणि नतालिया लाझारेन्को हे शास्त्रज्ञ दांपत्य विजेच्या बटणांचे टंगस्टनचे संपर्क ठिणग्यांनी का झिजतात, याचा शोध घेत होते. झीज थांबवणे हा हेतू. ती काही थांबेना. तेव्हा त्यांनी विचार उलटा फिरवला. ठिणगी जर इतक्या कठीण धातूस खाऊ शकते, तर तिला हवे तेथेच खाऊ द्यावे! धातू वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवायचा, त्याच्याजवळ तांब्याची काडी न्यायची आणि ठिणग्या पाडायच्या. मग पोलाद कितीही कठीण असो, त्या ठिणगीला कठीण-मऊ हा भेद उरत नाही. मोडकी बिटे आणि आटे पाडण्याचे मोडके टॅप काढण्याचा जगभरचा खानदानी उपाय आज तोच आहे. १९५५ च्या करारान्वये ज्या सोव्हिएत देशाने शेजारच्या भिलाईस पोलादाचा कारखाना उभारण्यास मदत केली, त्याच देशाची ही देणगी, हा विचार आम्हांस त्या कारखान्याच्या दारात सुखावून गेला. आत मात्र सुख टिकले नाही. यंत्राची टाकी ठोकळेवजा साच्यांसाठी होती. गोल, वेलबुट्टीचा दांडा त्यात घट्ट धरण्यासाठी आधी त्याच्या आकाराची पकड तयार करावी लागली असती, आणि यंत्रापुढे दीड महिन्याची कामे रांगेत होती. मालकांनी चहा पाजला. त्यांच्या सौजन्याविषयी आमची तक्रार नाही.

घरी परतताना आम्हांस राहून राहून उत्तरकाशीजवळील सिल्क्यारा बोगद्याची आठवण होत होती. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी त्या बोगद्याचा भाग कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. ढिगाऱ्यातून आडवे भोक पाडून त्यात लोखंडी नळ सरकवण्यासाठी अमेरिकन बनावटीचे अजस्र गिरमिट आणले होते. चाळीसहून अधिक मीटर गेल्यावर ते धातूच्या सांगाड्यात अडकले आणि त्याची पाती नळातच मोडली. जो मार्ग माणसांना बाहेर काढण्यासाठी खणला जात होता, तोच मार्ग खणणाऱ्या हत्याराने बंद केला! साऱ्या देशाने त्या दिवसांत श्वास रोखला होता. मोडकी पाती कापून काढण्यासाठी हैदराबादहून प्लाझ्मा कटर विमानाने आणावा लागला. तुकडा तुकडा कापून पाती बाहेर ओढली गेली. आणि उरलेले दहाबारा मीटर अंतर, कोळशाच्या अरुंद बिळांत काम करण्याची सवय असलेल्या मजुरांनी, नळात पडून, हाताने खणले. २८ नोव्हेंबरला सर्व ४१ जण बाहेर आले. त्या प्रसंगाशी आमच्या समईची तुलना करणे हास्यास्पद आहे, आणि आम्ही ती करीत नाही. परंतु गिरमिट मोडले की पुढचा दिवस अधिक मोठ्या गिरमिटाचा नसतो, एवढे तेव्हा दूरचित्रवाणीवर पाहून समजले होते. मोडलेले टोक ज्या वाटेने गेले त्याच वाटेने, जितके गेले तितके, परत आणावे लागते.

मिस्त्रींचा पत्ता आम्हांस चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात मिळाला. असे पत्ते तेथेच मिळतात. परमुलखातील मराठी मंडळ हे नाटक आणि गणेशोत्सव यांसाठी असते, असा बाहेरच्यांचा समज आहे. वस्तुतः ते विश्वासू डॉक्टर, पापडाचे पीठ आणि कारागीर यांच्या माहितीसाठी असते. मिस्त्री रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, अस्सल छत्तीसगढी गृहस्थ. गुढियारीत घराच्या पडवीत त्यांचे एक लहान ड्रिल यंत्र आणि एक बाक. ते स्वतः सायकलवरून आमच्या घरी आले, समईपुढे उकिडवे बसले आणि पहिला शब्द आईशी बोलले: "दाई, बरमा टूट गे हे."

आई आत आली आणि हलक्या आवाजात आम्हांस विचारती झाली, "मला दाई काय म्हणतो हा? मी काय कुणाची बाळंतपणं करत हिंडते?" छत्तीसगढीत दाई म्हणजे आई, हे सांगितल्यावर तिचा चेहरा पालटला. तिने मिस्त्रींना खुर्ची दिली. ते खाली बसले होते ते बसूनच राहिले, आणि मग आईही पाटावर बसली.

त्यांनी प्रथम खिशातून लोहचुंबक काढला आणि समईच्या अंगावरून सर्वत्र फिरवला. बाजारातील पुष्कळ समयांच्या पोटात लोखंडी सळई असते, वरून पितळेची नळी. ही आतबाहेर पितळच होती; चुंबक फक्त भोकाच्या तोंडाशी लागला. हे पाहून ते प्रथमच हसले. नंतर समई आडवी करून लाकडी हातोडीने चारपाच टिचक्या मारल्या, एक अणकुचीदार सुई बिटाच्या पन्हळीत टेकवून ते उलट्या दिशेने फिरते का, ते पाहिले. बिट ज्या दिशेने शिरते त्याच्या उलट फिरवले की पुष्कळदा सैल होऊन वर येते. येथे ते दोन खंडांच्या मध्ये तिरपे पाचर होऊन बसले होते. हलले नाही.

आम्ही आमच्या अल्पज्ञानाने एक एक मार्ग सुचवीत होतो, आणि ते प्रत्येकावर मान हलवीत होते. काट्याने काटा? आहे, तोही आहे. टंगस्टन कार्बाइडचे बिट या बिटाहून कठीण असते. परंतु ते काचेसारखे ठिसूळ. भक्कम यंत्रात, तसूभर न हलणाऱ्या पकडीत चालते. मोडक्या टोकाच्या उतरणीवर ते घसरले तर बाजूच्या मऊ पितळेत शिरेल आणि एका काट्याचे दोन होतील. तापवून मऊ करावे? जुन्या साध्या पोलादाचे बिट असते तर विचार करता आला असता. हे टेलरचे पोलाद. त्याला मऊ करावयास साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवून अगदी सावकाश थंड करावे लागते, आणि पितळ तर नऊशेच्या आसपास वितळू लागते. काटा मऊ होईल तेव्हा पाय उरणार नाही. राहू द्यावे तसेच? मिस्त्री म्हणाले की, वाकडी नसती तर त्यांनी खुशाल तसेच राहू दिले असते. कारखान्यात शंभरांपैकी कितीतरी मोडकी बिटे जागच्या जागी सोडून शेजारी नवे भोक पाडतात, त्यात कमीपणा नाही. आम्हांस हे बोलणे फार आवडले. काय काढावे हे पुष्कळांना कळते. काय सोडून द्यावे हे सांगणारा माणूस खरा अनुभवी.

मग त्यांनी आईस विचारले, घरात फिटकरी आहे का?

फिटकरी म्हणजे आपली तुरटी. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात जी फिरवायची, दाढी झाल्यावर न्हावी जी गालांवर घाशी, तीच. आईने कपाटातून लिंबाएवढा खडा आणून दिला. मिस्त्रींनी आणखी अर्धा किलो आणावयास सांगितले. ही विद्या त्यांनी कारखान्यात नव्हे, तर तरुणपणी गोलबाजारातील एका घड्याळजींकडे शिकली होती. घड्याळाच्या पितळी पत्र्यात पोलादी स्क्रू मोडला की घड्याळजी हत्यार उचलीत नाहीत. तो पत्रा तुरटीच्या पाण्यात ठेवून देतात.

यामागील शास्त्र शाळेतल्या रसायनाइतकेच आहे. तुरटी पाण्यात विरघळली की ते पाणी किंचित आम्लधर्मी होते. ते आम्ल लोखंडाशी संयोग पावते, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि लोखंड क्षार होऊन पाण्यात उतरते. तांब्याशी त्या आम्लाचे काही चालत नाही, आणि पितळेतील जस्त तांब्याच्या आश्रयाने बहुतांशी निभावून जाते. म्हणजे जे हत्यार पितळेहून कितीतरी पट कठीण, जे पितळेत भोक पाडावयास आले, ते या पाण्यात विरघळते आणि मऊ पितळ जसेच्या तसे राहते! येथे कठीणपणाची स्पर्धाच नाही. प्रश्न एवढाच की, दोन धातू एकमेकांपासून पुरेसे वेगळे आहेत की नाहीत. समई लोखंडाची असती, तर त्या पाण्याने काटा आणि समई यांत भेद केला नसता. दोन्ही सारखीच खाल्ली असती.

भांडे लोखंडाचे चालणार नव्हते, हे उघडच. आईने लोणच्याची रुंद तोंडाची चिनी मातीची बरणी काढली. तिच्यात आदल्या वर्षीच्या लोणच्याचा तळ होता. तो तिने एका वाटीत काढून मिस्त्रींच्या डब्यात घातला. समईचे बाकीचे खंड सोडवून बाजूस ठेवले आणि ते जखडलेले दोन, मिळून वीतभर लांबीचे, तिरपे ठेवून भोकाचे तोंड वर केले. बुडबुड्यांना वाट मिळाली पाहिजे. ते भोकातच कोंडले तर पाणी टोकापर्यंत पोहोचत नाही. तुरटी कढत पाण्यात, अधिक विरघळेना इतकी घालून ते पाणी बरणीत ओतले, आणि बरणी पाण्याच्या पातेल्यात ठेवून पडवीत विजेच्या जुन्या शेगडीवर मंद आचेने तापत ठेवली. मिस्त्री म्हणाले, "निकल जाही, दाई," आणि सायकल घेऊन गेले.

पहिल्या दिवशी काही झाले नाही, किंवा काही झाले ते आमच्या चष्म्यातून दिसले नाही. दुसऱ्या दिवशी भोकातून बारीक, मोहरीहून बारीक बुडबुड्यांची एक माळ सारखी वर येऊ लागली. आई पाट घेऊन पडवीत बसे. पाणी आटले की कढत पाण्याची भर घाली, आणि मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे दर दोन तासांनी, हातमोजा घालून, पिसाच्या देठाने भोकातील काळा गाळ मोकळा करी. आम्ही कचेरीतून परत आल्यावर आमच्या हाती काम नसे. तिच्याजवळ बसावे, एवढेच. त्या चार दिवसांत ती जावळीच्या घराविषयी जितके बोलली, तितके मागील चाळीस वर्षांत बोलली नव्हती. ओटीवर कोण बसे, विहिरीचा रहाट कसा वाजे, गाड्या निघाल्या तेव्हा आमच्या आजीने उंबऱ्यावर हळदकुंकू का वाहिले आणि मग मागे वळून का पाहिले नाही. बोलता बोलता ती बरणीत डोकावे आणि म्हणे, "येतायत अजून."

रायपुरात मराठी माणूस नवा नाही. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते, आणि पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर व रायपूर एकाच प्रांतात होती. तात्यापाऱ्यातील जुन्या घरांत आजही अंगणात छत्तीसगढी आणि देवघरात मराठी ऐकू येते. या मंडळींना कोणत्याही पाण्यात घातले तरी ती आता निराळी काढता यायची नाहीत. धातू एकजीव झाला आहे. आमच्यासारख्या बदलीवाल्यांचे तसे नव्हे. आम्ही येतो, रुततो, भोवतालच्या मऊपणाला नावे ठेवतो, आणि एक कागद येताच विरघळून निघून जातो. २००० मध्ये राज्य वेगळे झाल्यापासून येथे आलेल्या आमच्या कितीजणांना दाई या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे, हे एकदा मंडळात विचारून पाहिले पाहिजे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बुडबुडे थांबले. मिस्त्रींनी खंड बाहेर काढले, धुतले, सुई भोकात घातली आणि ती सरळ तळाशी गेली. काही शिल्लक असेल तर ते काळ्या चिखलासारखे होते, आणि तेही सुईच्या टोकावर निघून आले. त्यांनी दोन्ही खंड दोन हातांत धरून उलट पिळले. आतून एक कुरकुर ऐकू आली आणि आटे फिरले. पितळेवर किंचित लालसर छटा आली होती, कारण पृष्ठभागावरील थोडे जस्त गेले होते. आईने ती चिंचेने आणि राखेने घासून काढली.

पुढील काम गुढियारीच्या पडवीत झाले आणि ते पाहण्यास आई स्वतः रिक्षात बसून आली. मिस्त्रींनी नव्या बिटाच्या दोन्ही धारा दगडावर सपाट केल्या आणि त्या नखावर घासून आईला दाखवल्या. खंड सरळ जुळवून पकडीत घट्ट बसवले. भोक मोकळे केले, आटे काढले, चार मिलिमीटरचा पितळी स्क्रू बसवला. मग समई जोडून, तबकात काठोकाठ पाणी भरून, चहूकडून वाकून पाहिले. पाणी सर्व बाजूंनी काठाला सारखेच टेकले होते.

मजुरी त्यांनी तीनशे रुपये सांगितली. आम्ही अधिक देऊ लागलो, तेव्हा त्यांनी आईकडे पाहिले. आईने मान हलवून नको म्हटले, आणि आम्ही तीनशेच दिले. निघताना त्यांनी कागदाच्या एका पुडीत तसलेच आणखी दोन स्क्रू बांधून दिले. बदलीत सोडताना हरवतात, आणि हा आटा हिंदुस्थानात कोणत्याही गावी सारखाच असतो, असे त्यांचे म्हणणे. आईने पुडीवर पेन्सिलीने "समई" असे लिहिले, आणि समईचे खंड गुंडाळण्याच्या जुन्या लुगड्याच्या पदराला ती गाठ मारून ठेवली.